साइट सुरू झाली, पण कारण कळलं का?

एक जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर, त्यावर वर्डप्रेस आणि देखभालीला एकच माणूस. ग्रंथालयं, गिर्यारोहण मंडळं, छोटे प्रकाशक यांच्या कितीतरी साइट्स अशाच चालतात. बंद पडतात त्याही अशाच. एके सकाळी लेखांच्या जागी कोऱ्या पानावर एकच ओळ दिसते: डेटाबेसशी जोडणी होऊ शकत नाही. देखभाल करणारा माणूस सर्व्हरवर लॉग-इन होतो, डेटाबेसची सेवा पुन्हा सुरू करतो आणि अर्ध्या मिनिटात साइट पूर्ववत चालू लागते. मग मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर तो लिहितो, ‘डेटाबेसचा प्रॉब्लेम होता, सोडवला.’

यातला ‘सोडवला’ हा कृतीचा दावा आणि त्याला पुरावा आहे, कारण साइट दिसते आहे. ‘डेटाबेसचा प्रॉब्लेम होता’ हा मात्र ज्ञानाचा दावा. कृती फळाला आली म्हणून तिच्यामागचं ज्ञानही खरं मानायचं का?

भारतीय तर्कपरंपरेत या प्रश्नावर शतकानुशतकं वाद झडला. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने ग्रंथाच्या आरंभीच आपली बाजू मांडली आहे. प्रमाणाने वस्तू कळली की तिच्यासंबंधी केलेली कृती सफल होते, म्हणून प्रमाणावर विसंबता येतं. समोर पाणी दिसलं, माणूस तिथे गेला, प्याला, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं. मृगजळामागे धावणाऱ्याची तहान भागत नाही. व्यवहारी माणसाला पटेल असाच हा निकष आहे.

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याने या निकषाला अडचणीत आणणारी उदाहरणं शोधली. वाटसरूला दूरवर मृगजळ दिसतं, तो तिथे जातो आणि नेमकं त्याच जागी खडकाखाली खरंखुरं पाणी सापडतं. तहान भागली, पण त्याला आधी पाण्याचं ज्ञान होतं असं म्हणता येईल का? पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने याहून सोपं उदाहरण दिलं. एकजण मूठ मिटून विचारतो, आत कवड्या किती? दुसरा ठोकून देतो, पाच. मूठ उघडते आणि कवड्या पाचच निघतात. उत्तर बरोबर आलं, पण ते ज्ञान नव्हतं. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हाच पेच एडमंड गेटिअरच्या १९६३ सालच्या तीन पानी निबंधाने गाजला.

सर्व्हर पुन्हा सुरू करणारा माणूस बहुतेक वेळा कवड्याच ओळखत असतो.

पडद्यामागे सहसा काय घडतं ते पाहिलं म्हणजे हे लक्षात येतं. लिनक्समध्ये मेमरी पूर्ण संपली की कर्नल एखादी चालू प्रक्रिया निवडून ती मारतो. साधारणतः सर्वाधिक मेमरी व्यापणारी प्रक्रिया बळी जाते आणि छोट्या सर्व्हरवर ती अनेकदा माय-एसक्यूएल असते. म्हणजे डेटाबेस बिघडलेला नसतो, त्याला मारलेलं असतं. मेमरी खाल्लेली असते वर्डप्रेस चालवणाऱ्या पीएचपीने. एकेका प्रक्रियेला साठ एमबी धरले आणि वीस प्रक्रियांना मुभा दिली, तर बाराशे एमबी लागतात आणि सर्व्हरकडे असतात हजारच्या आसपास. डेटाबेस पुन्हा सुरू केल्यावर साइट चालते, कारण दरम्यान पीएचपीची गर्दी ओसरलेली असते. निदान चुकलेलं असूनही औषध लागू पडलेलं दिसतं. पुढच्या गर्दीला साइट पुन्हा बंद.

ज्याचा बळी गेला त्यालाच गुन्हेगार समजण्याची ही चूक बड्या कंपन्यांच्या बाबतीतही होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद होते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसत होतं ते इतकंच, की फेसबुकच्या नावाचा पत्ताच लागत नाही, म्हणजे डीएनएस बिघडलंय. प्रत्यक्षात डीएनएस सर्व्हर धडधाकट होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं मुख्य जाळंच तुटलं होतं. अशी चुकीची आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी प्रणालीतच दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटला की आपल्यापर्यंत येणारे मार्ग जाहीर करणं थांबवायचं, हा डीएनएस सर्व्हरांना घालून दिलेला नियम होता. तो त्यांनी पाळला आणि ते इंटरनेटवरून दिसेनासे झाले.

परिणामावरून कारणाकडे जाताना होणारी ही फसगत न्यायसूत्रांना ठाऊक होती. नदीला पूर आला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला असणार, हे अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी त्यालाच हात घालतो: प्रवाह बांधाने अडल्यावरही नदी भरलेली दिसू शकते. मोराच्या केकेवरून मोर आहे म्हणावं, तर माणूसही तसा आवाज काढू शकतो. मग अनुमानावर विश्वास काय ठेवायचा? अनुमान चुकूच शकत नाही असा दावा सिद्धान्ती करत नाही. तो म्हणतो, तुमचं निरीक्षण अपुरं आहे. पावसाचा पूर नुसता पाणी वाढल्यावरून ओळखायचा नसतो. प्रवाहाला वेग असतो, फेस असतो, वाहून आलेली फळं, पानं, लाकडं असतात. या सगळ्या खुणा पाहिल्या, तर बांधामुळे फुगलेल्या नदीशी गल्लत होत नाही.

साइटवरचा ताण वाढला, याचा अर्थ वाचक वाढले असाही होतो आणि बॉट लॉग-इनच्या पानावर पासवर्ड आजमावत आहेत असाही होतो. नुसत्या आलेखात दोन्ही पूर सारखेच. फेस आणि पानं सापडतात ती ॲक्सेस लॉगमध्ये. खरा वाचक पान उघडतो तेव्हा त्याचा ब्राउझर त्या पानाची चित्रं, फॉन्ट, स्टाइलच्या फाइलीही मागवतो. वाचक कुठल्या तरी दुव्यावरून आलेला असतो आणि दुसऱ्या लेखाकडे जातो. पासवर्ड आजमावणारा बॉट एकच पत्ता सेकंदाला कित्येकदा ठोठावतो आणि चित्राकडे ढुंकूनही पाहत नाही. मोराचा आवाज काढणारी माणसंही इथे आहेत. स्वतःला गूगलबॉट म्हणवणाऱ्या प्रत्येक विनंतीमागे गूगल नसतो. आयपी पत्त्यावरून उलटं नाव शोधायचं, ते गूगलच्या डोमेनमध्ये आहे का बघायचं, मग त्या नावावरून पुन्हा पत्ता काढून तो जुळतो का पाहायचं, अशी दुहेरी पडताळणी स्वतः गूगलनेच सुचवलेली आहे.

लॉग न वाचणाऱ्याच्या हाती उरतो कुंभाराचा गाढव. कारण कशाला म्हणायचं नाही, याची न्यायग्रंथांत यादी आहे. घडा घडण्याआधी माती वाहून आणणारा गाढव तिथे हजर होता, कुंभाराचा बापही कधीकाळी होता, पण म्हणून ते घड्याचं कारण ठरत नाहीत. असे ‘अन्यथासिद्ध’ घटक साइटच्या दुरुस्तीत पावलोपावली भेटतात. काल एक प्लगिन अपडेट केलं आणि आज साइट पडली, तर संशयित ठरलेला. त्याच रात्री होस्टिंग कंपनीने पीएचपीची आवृत्ती बदलली असेल किंवा लॉगच्या फाइलींनी डिस्क भरली असेल, पण तिकडे नजर जात नाही, कारण गाढव डोळ्यांसमोर उभा असतो.

गाढवाची सुटका करण्याची रीतही जुनी आहे. अमुक असलं की तमुक होतं हा अन्वय आणि ते नसलं की होत नाही हा व्यतिरेक, दोन्ही तपासायचे. वर्डप्रेसमध्ये प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं की सगळी प्लगिन्स एका दमात निष्क्रिय होतात. तरीही पान कोरंच राहिलं, तर सगळी निर्दोष. पान दिसू लागलं, तर निम्मी चालू करून पाहायचं, मग त्यांतली निम्मी. दोष एकाच प्लगिनमध्ये असेल, तर बत्तीसांतून तो पाच फेऱ्यांत सापडतो. पथ्य एकच, एका वेळी एकच बदल. घाईत प्लगिन बंद केलं, कॅशे पुसली आणि मेमरीची मर्यादाही वाढवली, तर साइट चालू होईल, पण कशामुळे ते कायमचं अज्ञात राहील. स्वतःच्याच हातांनी तीन गाढवं उभी केल्यासारखं ते आहे.

दोषी सापडल्यावरही प्रश्न संपत नाही. धूर असेल तिथे आग असते, पण आग असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे नियमामागे दडलेली अट. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८.० आलं आणि जुनी भाषा वापरणारी कित्येक प्लगिन्स त्यावर कोसळू लागली. आदल्या आवृत्तीवर तीच बिनतक्रार चालत होती. ‘हे प्लगिन साइट पाडतं’ हा नियम म्हणूनच अर्धवट. प्लगिन काढून टाकणाऱ्याची आजची अडचण मिटते, पण पीएचपीची नवी आवृत्ती हे ओलं सरपण जागच्या जागी असतं आणि पुढचं जुनं प्लगिन त्यावर धुमसायला तयार.

आतापर्यंतची उदाहरणं दिसणाऱ्या गोष्टींची होती. न दिसण्यावरून काय कळतं, हा मीमांसकांचा विषय. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे कसं कळतं? कुमारिल भट्टाच्या परंपरेने यासाठी ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानलं आणि त्याला कडक अट घातली: ती वस्तू असती, तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. लख्ख उजेडात घडा दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

ही अट विसरल्याची किंमत गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री मोजली. दुय्यम डेटाबेस सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला होता. तो नव्याने उभा करण्यासाठी एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसण्याची आज्ञा दिली, पण ती चालली मुख्य सर्व्हरवर. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. हरकत नाही, बॅकअप आहेत, असं वाटून शोध घेतला, तर साठवणीची जागा रिकामी. बॅकअप घेणारी प्रणाली पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीची होती, डेटाबेस ९.६ चा. त्यामुळे बॅकअप दररोज अपयशी ठरत होता आणि दररोज तशी सूचना देणारी ईमेल निघतही होती. पण त्या ईमेलवर आवश्यक सही नसल्यामुळे मेल सर्व्हर ती नाकारत होता. इनबॉक्समध्ये तक्रार नाही म्हणजे बॅकअप ठीक आहेत, असं सगळे धरून चालले. असती तर दिसली असती, ही अटच पुरी होत नव्हती. अखेरीस दुसऱ्याच एका चाचणीसाठी सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेली प्रत कामी आली. त्यानंतरच्या सहा तासांत नोंदलेलं मात्र गेलं: सुमारे ५,००० प्रकल्प, तेवढ्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती. दुरुस्तीचं काम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवलं आणि चुकांचा सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला, म्हणून हे सगळं आज माहीत आहे.

छोट्या साइटवरही अंधारातले घडे कमी नसतात. बॅकअपची फाइल रोज तयार होते, पण ती शून्य बाइटची असते. डिस्कवर जागा शिल्लक दिसते, तरी नवी फाइल लिहिता येत नाही, कारण जागा उरली असली तरी फाइलींच्या नोंदी ठेवणारे आयनोड संपलेले असतात आणि ते पाहायला वेगळी आज्ञा द्यावी लागते. बॅकअप आहे हे कळण्याचा एकच उजेड आहे, तो दुसरीकडे उतरवून साइट उभी करून पाहणं.

उरला शब्द, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. ‘माझ्याकडे साइट उघडत नाही’ असा फोन येतो आणि ‘माझ्याकडे तर दिसतेय’ असं उत्तर जातं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना आधार देणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं. त्या दिवशी अनेक साइट्स नव्या उपकरणांवर सुरळीत उघडत होत्या आणि काही जुन्या उपकरणांवर तीच पानं धोक्याचा इशारा देत होती. सर्व्हर बदलल्यावरही असंच होतं. नवा पत्ता नोंदवला, तरी जुन्या नोंदीची मुदत ८६,४०० सेकंद असेल, तर कुणाला दिवसभर जुनाच सर्व्हर दिसत राहील. साइट चालू आहे का, याला ‘कुठून पाहता त्यावर अवलंबून’ हेच खरं उत्तर असतं. जैनांच्या स्याद्वादाला हे उत्तर अपरिचित नाही. प्रत्येक विधान एका विशिष्ट बाजूपुरतं खरं, आणि ती बाजू सांगितल्याशिवाय ते अपुरं.

सांगणारा कितीही विचित्र बोलला, तरी त्याचं बोलणं पुरावा असू शकतं. ट्रे हॅरिस या अमेरिकी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने २००२ मध्ये सांगितलेली हकीकत या व्यवसायात आजही आवडीने वाचली जाते. विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखाने त्याला फोन करून सांगितलं, की आमच्या विभागातून ५०० मैलांपलीकडे ईमेल जात नाही. ईमेल असं चालत नाही, हे हॅरिसला ठाऊक होतं. तरी त्याने तपासलं आणि तक्रार खरी निघाली. सर्व्हरच्या कार्यप्रणालीचं नूतनीकरण करताना ईमेल पाठवणारं सेंडमेल नकळत जुन्या आवृत्तीवर गेलं होतं. नवी सेटिंग्ज त्याला वाचता येत नव्हती आणि जोडणीसाठी थांबायचा अवधी शून्य धरला गेला होता. त्या यंत्रावर शून्य म्हणजे व्यवहारात तीन मिलिसेकंदांहून थोडं अधिक. तेवढ्या वेळात प्रकाश जातो साधारण ५५८ मैल. तक्रार हसण्यावारी नेली असती, तर हे कारण सापडलं नसतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. साइट बंद आहे, लोक खोळंबले आहेत, अशा वेळी न्यायशास्त्र काढून बसायचं? बुद्धाने मालुंक्यपुत्ताला सांगितलेला दृष्टान्त सर्वश्रुत आहे. विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला, की बाण मारणारा कोण, कुठल्या गावचा, धनुष्य कसलं, हे कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही, तर उत्तरं मिळण्याआधी तो मरेल. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचं समर्थन करायला यापेक्षा मोठा आधार कोणता? पण त्या संवादात बुद्धाने बाजूला सारलेले प्रश्न जग शाश्वत आहे का, अनंत आहे का, अशा जातीचे आहेत. दुःखाचं कारण तो बाजूला सारत नाही. चार आर्यसत्यांतलं दुसरं सत्य तर तेच आहे. बाण आधी काढावाच, पण विष कोणतं हे कळण्यासाठी तो जपूनही ठेवावा. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याआधी चालू प्रक्रियांची यादी, मेमरीची स्थिती आणि लॉगच्या शेवटच्या ओळी दुसरीकडे उतरवून घ्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. नंतर यातलं बरंच काही परत मिळत नाही.

घाईत पुरावा कसा नष्ट होतो, हे जुन्या मराठी साइट्स नव्या सर्व्हरवर नेणाऱ्यांनी पाहिलेलं असतं. स्थलांतरानंतर देवनागरीच्या जागी कधी रोमन चिन्हांचा चिखल दिसतो, कधी नुसती प्रश्नचिन्हं. चिखल दिसला, तर बहुधा मूळ बाइट्स शाबूत असतात, फक्त चुकीच्या लिपीसंकेताने वाचले जातात. नैयायिक याला अन्यथाख्याती म्हणतील, वस्तू आहे पण भलत्या रूपात दिसते. प्रश्नचिन्हं डेटाबेसमध्येच लिहिली गेली असतील, तर मूळ अक्षरं गेलेली असतात. चिखल पाहून घाबरलेला माणूस भलतं रूपांतर चालवतो, तेव्हा दुरुस्त होऊ शकणाऱ्या मजकुराचीही प्रश्नचिन्हं होऊ शकतात.

मग कारण कळलं असं म्हणायचं कधी? शंका तर कायमच काढता येते. नैयायिक उदयनाचार्यांनी यावर व्यवहारी मर्यादा आखून दिली: शंका तिथपर्यंतच चालते, जिथे शंकेखोराची स्वतःचीच कृती तिला खोटं पाडते. धुरासाठी आग लागतेच का, अशी शंका घेणाराही धूर हवा असला की आगच पेटवतो. साइटच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. साइटची एक प्रत वेगळ्या सर्व्हरवर उभी करायची, तेवढीच मेमरी द्यायची, तशाच विनंत्यांचा मारा करायचा. डेटाबेस तसाच मेला, तर अन्वय मिळाला. मग पीएचपीच्या प्रक्रियांवर मर्यादा घालून तोच मारा पुन्हा करायचा. डेटाबेस टिकला, तर व्यतिरेकही मिळाला. बिघाड मनात येईल तेव्हा आणता येतो आणि घालवताही येतो, अशा अवस्थेला मिटल्या मुठीतल्या कवड्यांचा अंदाज म्हणता येत नाही. वात्स्यायनाचा निकष इथे खरा ठरतो, पण एका यशावर नाही. हुकमी अपयशही त्याच्या जोडीला लागतं.

कारण एकच असेल, हे मात्र यातून ठरत नाही. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या जयंत भट्टाने ‘न्यायमंजरी’त ज्ञानाचं साधन कोणतं, या प्रश्नावर कुठल्याही एका घटकाला अग्रमान द्यायचं नाकारलं. सगळी सामग्री जमली की कार्य होतं, एकही उणा असेल तर होत नाही, मग प्रमुख कोणाला म्हणायचं?

मोठ्या बिघाडांतही हाच प्रश्न पडतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या आधाराने चालणाऱ्या असंख्य साइट्स २७ मिनिटं ५०२ ची चूक दाखवत होत्या. हल्ले ओळखण्यासाठी लिहिलेल्या एका नव्या नियमातलं रेग्युलर एक्स्प्रेशन असं होतं, की जुळणी शोधताना ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन प्रोसेसरची सगळी ताकद खात होतं. कंपनीच्या अहवालात कारण म्हणून हा नियम आहे, पण एकटा नाही. प्रोसेसरचा असा अतिवापर रोखणारं संरक्षण काही आठवड्यांपूर्वी चुकून काढलं गेलं होतं. वापरलेल्या इंजिनात वेळेची हमी नव्हती. चाचण्या प्रोसेसरचा वापर मोजत नव्हत्या. नियम टप्प्याटप्प्याने न जाता एकाच वेळी जगभर लागू होत होते. उपायही त्यामुळे अनेक ठरले. काढलेलं संरक्षण परत आलं, वेळेची हमी देणारं इंजिन आणायचं ठरलं, नियम टप्प्याटप्प्याने लागू करायचे झाले आणि सगळे ३,८६८ नियम असंच वागू शकतात का, हे पाहण्यासाठी माणसांनी एकेक करून तपासले.